‘मला येत नाही’ म्हणायची सोय

मोठ्या लेकीचा इथे अमेरिकेतल्या राज्य विद्यापीठात प्रवेश झाला, वसतिगृहातली खोली ठरली, पहिल्या सत्राची फी भरली. तरी जुलैमध्ये एक परीक्षा उरलीच होती. गणिताची प्लेसमेंट टेस्ट. प्रवेश झाल्यावर आता परीक्षा कसली, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आई, यात पास-नापास नसतं. मला कुठल्या वर्गात बसवायचं, ते यावरून ठरतं."

परीक्षा ॲलेक्स नावाच्या संगणकीय चाचणीवर होती. इथली बरीच विद्यापीठं तीच वापरतात. जास्तीत जास्त ३० प्रश्न. चार पर्यायांतून निवडायची सोय बहुतेक ठिकाणी नाही, उत्तर स्वतः काढून लिहायचं. एक प्रश्न सुटला की पुढचा जरा अवघड, चुकला की जरा सोपा. यामागचं शास्त्र झाँ-क्लोद फाल्मान आणि झाँ-पॉल द्वान्याँ या दोघांनी १९८० च्या दशकात मांडलं. कुठली गोष्ट आल्याशिवाय कुठली येऊ शकत नाही, याचा नकाशा करायचा आणि मूल त्या नकाशावर नेमकं कुठे उभं आहे ते शोधायचं, ही त्यातली कल्पना.

पण माझ्या मनात राहिलं ते एक बटण. प्रत्येक प्रश्नाखाली असतं: ‘मला माहीत नाही’. लेकीनं ते सात-आठ वेळा दाबलं, असं रात्री जेवताना सांगितलं. माझा घास हातातच राहिला. "अगं, काहीतरी लिहायचं होतंस!" ती शांतपणे म्हणाली, "चुकून बरोबर आलं असतं तर मला कॅल्क्युलसच्या वर्गात टाकलं असतं, आणि तिथे मला काही कळलं नसतं."

पेपर कोरा सोडायचा नाही, हे आम्हाला पाचवीपासून शिकवलेलं. सूत्र तरी लिही, आकृती तरी काढ, एखादा मार्क पडेल. मी बार्शीहून मराठी माध्यमातून बारावी करून अभियांत्रिकीला गेले. इंटिग्रेशनचे ठरावीक नमुने पाठ होते, चांगले मार्कही पडले होते. पण फलनाचा आलेख बघून तो काय सांगतोय, हे मला वाचता येत नव्हतं. एम-वनच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या, तासाला सर फळा भरून पुसत आणि आम्ही मागच्या बाकांवरचे वहीत नुसतं उतरवून घेत असू. त्या वर्षी आमच्या वर्गात एम-वनला कितीतरी जणांना केटी लागली, म्हणजे विषय राहिला; मलाही लागली. बारावीतलं नेमकं काय कच्चं राहिलंय, हे त्या कॉलेजात कुणी एकदाही विचारलं नाही. ती गोष्ट आजही माझ्या मनाला टोचते, कारण विचारायला एक दुपार पुरली असती.

लेकीला पहिल्या वेळी शंभरपैकी ६४ गुण पडले. तिच्या विद्यापीठात कॅल्क्युलसला ७५ लागतात. निकालात एक गोल होता, त्याच्या प्रत्येक फाकेत एकेक विषय. त्रिकोणमितीची फाक जवळजवळ रिकामी. मग काही तासांचा सराव त्याच संगणकावर, तिच्याच कच्च्या जागांवर, आणि दोन दिवसांनी पुन्हा परीक्षा द्यायची मुभा. दुसऱ्यांदा ७९ आले.

माझा धाकटा भाऊ बार्शी तालुक्यात नववी-दहावीला गणित शिकवतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं फोन केला तेव्हा तो अस्वस्थ होता. "ताई, आता दहावीला गणित-विज्ञानात २० मार्कांवर पुढे ढकलायचं म्हणतायत." राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली ती तरतूद: ३५ ऐवजी २० पडले तरी पोरगं अकरावीला जाऊ शकेल, पण या विषयांचं शिक्षण पुढे घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर येईल. एका बाजूनं दर्जा घसरला अशी ओरड, दुसऱ्या बाजूनं गणितापायी शाळा सोडणाऱ्या मुलांचा कळवळा. मला दुसरी बाजू पटते. ज्याला पुढे इतिहास शिकायचा आहे, त्याचं आयुष्य बीजगणितावर अडवू नये. पण तो शेरा मला सहन होत नाही. पंधराव्या वर्षी पोराच्या कागदावर ‘याला गणित नाही’ असं लिहून मोकळं व्हायचं? काय येत नाही आणि ते किती दिवसांत येईल, हे त्या शेऱ्यात कुठेच नाही.

इथेही सगळं सरळ झालं असं मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत, अशाच चाचण्यांनी हजारो मुलांना पायाभूत वर्गांत बसवलं. ते वर्ग पदवीत धरले जात नसत. एकामागून एक सत्रं जात आणि बरीच मुलं खऱ्या गणितापर्यंत पोचायच्या आधीच कॉलेज सोडत. त्यात गरिबाघरची मुलं जास्त. म्हणून २०१७ मध्ये कायदा झाला आणि चाचणीपेक्षा शाळेतल्या गुणांना वजन आलं. तो कायदा कम्युनिटी कॉलेजांपुरता; पण कॅलिफोर्निया विद्यापीठानंही प्रवेशासाठी प्रमाणित चाचण्यांचे गुण बघणं थांबवलं होतं, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या सॅन दिएगो शाखेतल्या प्राध्यापकांचा अहवाल आला. शाळेच्या पातळीचंही गणित न येणारे नवे विद्यार्थी पाच वर्षांत जवळजवळ तीसपट झाले होते. पायाभूत वर्गात ७ + २ = □ + ६ हा प्रश्न सुमारे चौघांतल्या एकाला सुटला नव्हता, आणि त्या वर्गातल्या बऱ्याच जणांना शाळेत गणितात उत्तम श्रेणी होती.

म्हणजे चाचणीची भिंत झाली तरी मुलं बुडतात, आणि चाचणी काढून शाळेच्या गुणांवर विसंबलं तरी बुडतात. लेकीच्या परीक्षेत मला चांगलं वाटलं ते एवढंच, की निकालाबरोबर सराव होता, सरावानंतर दुसरी संधी होती, आणि ७५ च्या खाली राहिली असती तरी तिच्यासाठी एक वर्ग तयार होता, शिकवणारं माणूस नेमलेलं होतं. आपल्याकडे अकरावीच्या आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या आठवड्यात अशी परीक्षा घ्या, असं मी ठासून म्हणेन. गुण कुठेही छापू नका. पोराला आणि त्याच्या शिक्षकाला तेवढे कळू द्या.

हे सगळं मी भावाला सांगितलं. त्याला ते बटण फार आवडलं. या जूनमध्ये त्यानं नववीच्या वर्गाला अपूर्णांक, टक्केवारी आणि ऋण संख्यांचे वीस प्रश्न दिले, प्रत्येक प्रश्नापुढे एक चौकट: ‘येत नाही’. पोरं आधी बिचकली. मग एकीनं विचारलं, "सर, खरंच टिक केलं तर चालेल का?" त्या दिवशी कागद गोळा केले तेव्हा अपूर्णांकांच्या भागाकारापुढे निम्म्याहून जास्त वर्गाची टिक होती.

"ताई, कुणाला काय येत नाही ते आता माझ्याकडे लिहून आहे," तो फोनवर म्हणाला. "पण शाळेत गणिताला मी एकटा, आणि दहावीचे जादा तास सकाळी सातला सुरू होतात. या पोरांना कधी बसवू, ते सांग."

मला सांगता आलं नाही. तूर्तास तो शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांना थांबवतो.