डेबियनने जुनं सगळं मोडीत काढलं? नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर सध्या डेबियनबद्दल (विंडोजसारखी पीसी चालवणारी लिनक्स सिस्टिम, तिचा स्वयंसेवक बनवतात तो एक प्रकार) एक मेसेज फिरतोय: "डेबियन १३ ने ३२ बिट बंद केलं, पायथन २ काढलं, आयएफकॉन्फिग गायब केलं. लिनक्सवर जुनं काही टिकत नाही. मशीनच्या पीसीवर घालू नका." शिरोलीपर्यंत पोचलाय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

३२ बिट. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी (म्हणजे जुन्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि इन्स्टॉलर नाही, एवढं खरं. पण ३२ बिट लायब्ररी (प्रोग्रामना लागणारे तयार कोडचे तुकडे) आहेत, आणि ६४ बिट डेबियनवर जुने प्रोग्राम चालावेत यासाठीच त्या ठेवल्यात. मेसेजमध्ये नसलेली गोष्ट याहून मोठी आहे. तारीख-वेळेसाठी सेकंद मोजणारा ३२ बिट आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो, पुढे तारीख चुकते. म्हणून याच आवृत्तीत ३२ बिट एआरएमवर (मोबाइल, छोट्या बोर्डांवर असतात ते प्रोसेसर) तो ६४ बिटचा केला. इंटेलच्या ३२ बिटवर मात्र मुद्दाम केला नाही, कारण पूर्वी कंपाइल (चालवण्याजोगे तयार) झालेले, ज्यांचा सोर्स (मूळ कोड) आता कुणाकडे नाही असे प्रोग्राम मोडले असते. २०३८ ची अडचण अंगावर घेऊन जुन्याची सोय पाहिली!

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा; तिचं पायथन २ डेबियनने मारलं नाही. पायथन ३ आलं २००८ ला. मूळ प्रकल्पानेच १ जानेवारी २०२० ला पायथन २ सोडलं. डेबियन ११ मध्ये ते तरीही होतं, गेलं २०२३ च्या १२ मध्ये. पुढे ठेवायचं तर सुरक्षेचं प्रत्येक भोक स्वयंसेवकांनी बुजवत बसायचं. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरनेही २.९ मध्ये पायथन ३ धरलं. माझी मोजमापाची स्क्रिप्ट या अपग्रेडमध्ये बंद पडली, दोन संध्याकाळी गेल्या. त्रास होतो, हे मी नाकारत नाही.

आयएफकॉन्फिग, म्हणजे नेटवर्क बघायची जुनी कमांड? नेट-टूल्स पॅकेज घाला, येतं.

साफसफाई अंगलट आल्याचं खरं उदाहरण मेसेजवाल्याने दिलंच नाही. जून २०१९ मध्ये उबुंटूने (डेबियनवरच बेतलेलं दुसरं लिनक्स) ३२ बिट पॅकेजेस पूर्ण काढायचं जाहीर केलं. स्टीम (गेम्ससाठी) आणि वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायला) वापरणारे खवळले, काही दिवसांत निवडक पॅकेजेस ठेवायचं ठरलं. आधी विचारायला हवं होतं, ही त्यांची चूकच.

प्रोसेसर ३२ बिट असेल तर १३ वर जाऊ नका, हे डेबियनच्या रिलीज नोट्समध्येच लिहिलंय. ६४ बिट असेल तर नवी डिस्क लावून तिच्यावर घाला, जुनी तशीच काढून ठेवा, आणि आधी जॉब न लावता प्रोग्राम एकदा फिरवून बघा.