'३३' या भागात काहीच घडत नाही, हे खरं नाही

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळ मालिकेतल्या '३३' नावाच्या भागाबद्दल एक मजकूर सध्या फोनाफोनी फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा भाग लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय. पाऊण तासात काहीच घडत नाही, नुसती पेंगुळलेली तोंडं दिसतात. पाच दिवस न झोपता कोणी लढू शकत नाही. शत्रू ३३ मिनिटांनीच का येतो, हे लेखकालाच ठाऊक नाही. शेवटी नायक आपल्याच माणसांचं जहाज उडवतो आणि मालिका त्याची पाठ थोपटते. म्हणून हा भाग सोडा, दुसऱ्यापासून सुरुवात करा. आणि मला लिहायला बसवणारी ओळ: 'खेड्यातल्या प्रेक्षकाला हे दाखवणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.'

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात एका गावात शिक्षक आहे. आमच्या वाचनालयात शनिवारी रात्री आम्ही प्रोजेक्टरवर काहीतरी बघतो, इंग्रजी संवाद मी चालता चालता मराठीत सांगतो. हा भाग आम्ही सगळ्यांनी मिळून बघितला आहे. तेव्हा गाढव कोणाला म्हटलंय, ते मला चांगलं कळलंय.

न बघितलेल्यांसाठी गोष्ट सांगतो. माणसांनीच बनवलेली सायलॉन नावाची यंत्रं उलटतात आणि माणसांच्या बारा वसाहती अणुबॉम्ब टाकून बेचिराख करतात. उरतात जेमतेम पन्नास हजार माणसं, काही नागरी जहाजं आणि त्यांना सांभाळणारी एक जुनी युद्धनौका, गॅलॅक्टिका. हा ताफा एका झटक्यात दूर कुठेतरी उडी मारतो. ३३ मिनिटांनी सायलॉन तिथे हजर. पुन्हा उडी, पुन्हा ३३ मिनिटं. भाग सुरू होतो तेव्हा १३० तास उलटलेत आणि २३७ उड्या झाल्यात. आमच्या सातवीच्या पोरांनी हा हिशेब फळ्यावर मांडून बघितला: १३० तासांची ७,८०० मिनिटं, भागिले ३३, उत्तर २३६च्या थोडं वर. म्हणजे आकडे तोंडाला येतील तसे फेकलेले नाहीत.

आता 'काहीच घडत नाही' हा मुद्दा. राष्ट्राध्यक्ष रोझलिन एका पांढऱ्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा लिहून ठेवते आणि भाग पुढे सरकतो तसा तो पुसून कमी करावा लागतो. स्टारबक नावाची वैमानिक जागं राहायच्या गोळ्या घ्यायला नकार देते, गॅलॅक्टिकाचा कमांडर ॲडामा याचा वैमानिक मुलगा ली, त्याच्याशी हमरीतुमरीवर येते आणि भांडता भांडता दोघं हसायला लागतात. दमलेल्या माणसाचा राग कसा मध्येच सांडून जातो, ते इतकं नेमकं मी फार कमी ठिकाणी बघितलंय. युद्धनौकेच्या एका बोळात हरवलेल्यांचे फोटो भिंतभर लावलेत आणि नौकेवर संदेशांचं काम बघणारी ड्युआला त्या भिंतीजवळून हळूहळू चालत जाते. शास्त्रज्ञ बाल्टरकडून हल्ल्याआधी नकळत सायलॉनना मदत झालीय. त्याला कळतं की, आपलं हे बिंग फोडू शकेल असा माणूस ताफ्यातल्याच एका जहाजावर आहे आणि त्याला राष्ट्राध्यक्षांना भेटायचंय. तेव्हापासून बाल्टरचा घाम थांबत नाही. हे सगळं 'काहीच' असेल, तर मजकूर लिहिणाऱ्याला फक्त स्फोट मोजायचे होते. स्फोटही आहेत, पण ताण स्फोटात नाही, तो पुढच्या स्फोटाची वाट बघण्यात आहे. पडद्यावर घड्याळ दिसलं की आमच्याकडे पंख्याचा आवाज ऐकू यायचा, इतकी माणसं गप्प व्हायची.

उगाच डोक्यावर घेतलं म्हणायचं, तर या भागाला २००५ साली ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा मानाचा पुरस्कार मिळालाय. पुरस्कारानं काही सिद्ध होत नाही, पण डोक्यावर घेणारे चार पोरसवदा चाहतेच होते, हा समज तरी जावा.

झोपेचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे मजकूर विज्ञानाचा आव आणतो. १९६३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये रँडी गार्डनर या १७ वर्षांच्या मुलानं जागं राहायचा प्रयोग सुरू केला. तो २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला आणि त्याच्यावर झोपेच्या शास्त्रज्ञांची देखरेख होती. शरीर असं फरफटत नेता येतं. प्रश्न असतो तो डोकं कशा अवस्थेत राहतं याचा. सतरा-अठरा तास जाग झाली की माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यालेल्या माणसाइतकी मंद होते, असं प्रयोगांत दिसलंय. पुढे उघड्या डोळ्यांनीच काही सेकंदांची डुलकी लागते आणि ती लागली हे त्या माणसाला कळतही नाही. मालिकेत नेमकं हेच दिसतं. माणसं चुकतात, तेच ते पुन्हा विचारतात, क्षुल्लक गोष्टीवरून खेकसतात. ताजीतवानी राहून लढताहेत असं भागात कुठेही दाखवलेलं नाही, मग खोटं काय आहे?

आणि हे खोटं नाही, हे सांगायला आम्हाला सॅन डिएगोची गरज नव्हती. उन्हाळी धानाला पाणी द्यायचं, तर आमच्याकडे थ्री-फेज लाइन पाळीपाळीनं रात्रीची येते. लाइन आली की मोटार सुरू करायची, टॉर्च घेऊन बांधीबांधीतून, म्हणजे धानाच्या एकेका तुकड्यातून, पाणी फिरवायचं. मध्येच लाइन गेली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून डीपीकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) कान लावायचे, कारण ती दहा मिनिटांत येईल की दोन तासांनी, कोणी सांगत नाही. डोळा लागला की पाणी एकाच बांधीत भरतं आणि पाळ फुटते. शिवाय हा वाघाचा मुलूख, धुऱ्यावर एकट्यानं डुलकी काढणं जिवावर बेतू शकतं. खरिपात धान निसवलं की रानडुकरांसाठी जागल वेगळी. अशी जागल करणारे एक काकाजी मागे बसले होते. कमांडर ॲडामाचा चेहरा पडद्यावर जवळून आला, डोळ्यांखाली काळं, दाढीचे खुंट वाढलेले, आणि घड्याळ पुन्हा सुरू झालं. काकाजी मोठ्यानं म्हणाले, "गुरुजी, त्या बुढ्याले कोनी दहा मिन्टं तं निजू द्या ना जी!" कोणी हसलं नाही. पलीकडून एक मावशी म्हणाल्या, "निजला तं उठन का आता तो?" झोपेचा अभ्यास करणारेही हेच सांगतात. अर्ध्या तासाच्या पुढे डुलकी गेली की माणूस गाढ झोपेत शिरतो आणि मधूनच उठवला तर बराच वेळ भंजाळलेला राहतो. न झोपणं वाईट, पण असं तुकड्यातुकड्यांनी झोपणं त्याहून फार बरं नाही.

यातच '३३ मिनिटंच का' याचंही अर्धं उत्तर आहे. तेवढ्या वेळात विमानं उतरवायची, इंधन भरायचं, पुढच्या उडीचं गणित मांडायचं. त्यातून उरतात त्या मिनिटांत पाठ टेकता येते, झोप होत नाही. उरलेलं अर्धं उत्तर भाग देत नाही, आणि देऊही नये. पळणाऱ्यांना ते माहीत नाही आणि आपण कॅमेऱ्याबरोबर पळणाऱ्यांच्या बाजूला आहोत. खरं कोडं आकड्याचं नव्हतंच. सायलॉनना दर वेळी आपला पत्ता लागतो कसा, हे कोडं होतं आणि त्याचा धागा भागात आहे. ऑलिंपिक कॅरियर नावाचं जहाज एका उडीत मागे राहतं आणि त्यानंतर ३३ मिनिटं उलटूनही कोणी येत नाही. मजकूर लिहिणाऱ्याच्या नजरेतून हे कसं निसटलं, देव जाणे.

त्याच जहाजावरून सगळ्यात मोठा आरोप आहे. ऑलिंपिक कॅरियरवर १,३४५ माणसं होती. ते मागे राहिलेलं जहाज नंतर परत ताफ्यात येतं. त्याला थांबायला सांगतात, ते थांबत नाही. समोरून गोळ्या झाडतात, तरी ते येतच राहतं. मग गॅलॅक्टिकाची उपकरणं सांगतात की, जहाजावर अणुबॉम्ब असल्याच्या खुणा आहेत. सायलॉनही येऊन ठेपलेत. ॲडामा आणि रोझलिन ते पाडायचा हुकूम देतात. ली आणि स्टारबक गोळ्या झाडतात.

त्याआधी ली विमान जहाजाच्या खिडक्यांजवळून नेतो. कोणी दिसतंय का? आमच्याकडे या जागी पोरांनी मला थांबवायला लावलं. चित्र मागे नेऊन, उजेड वाढवून, पडद्याला नाक लावून त्यांनी एकेक खिडकी बघितली. कोणाला सावली हलल्यासारखी वाटली, कोणाला काहीच दिसलं नाही. मग जे भांडण लागलं ते वाचनालयाला कुलूप लावल्यावर बाहेर ओट्यावर चालू राहिलं. बी.ए.ला असलेली एक मुलगी शेवटपर्यंत म्हणत होती की, जहाज रोखून माणसं दुसरीकडे हलवायला हवी होती. तिला उत्तर मिळालं की, वेळ कुठे होता? ती म्हणाली, वेळ नव्हता हे ठरवलं कोणी?

माझं मत असं की, हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर ॲडामाचा निर्णय बरोबर होता. पण भाग मला बरोबर ठरवत नाही, तिलाही चूक ठरवत नाही, आणि मला तो त्यासाठीच मोठा वाटतो. 'पाठ थोपटते' म्हणणाऱ्यानं नंतरचा प्रसंग बघितलाय का? बाप म्हणतो, हुकूम माझा होता, जबाबदारी माझी. मुलगा म्हणतो, गोळी माझ्या बोटानं सुटली, ते माझंच. हारतुरे नाहीत, विजयाचं संगीत नाही. त्यानंतर रोझलिनला कळतं की, ताफ्यातल्या एका जहाजावर बाळ जन्मलंय. ती फळ्याकडे जाते आणि आकडा एकानं वाढवते: ४७,९७३. आमच्याकडच्या बायांना सगळ्यात जास्त हे पटलं. "मेलेले मोजले, तं जन्मलेलंबी मोजाव लागते," एक जण म्हणाली. हिला अंतराळातलं कळत नाही म्हणे!

खेड्यातल्या प्रेक्षकाचं आणखी थोडं बोलतो. ही झाडीपट्टी आहे, पूर्व विदर्भातला जंगलाचा आणि धानाचा पट्टा. दिवाळी झाली की मंडईच्या निमित्तानं गावोगावी नाटकं लागतात. वडसा हे त्यांच्या कंपन्यांचं केंद्र. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत शाल गुंडाळून, मांडीवर पोर घेऊन माणसं रात्रभर बसतात, तिकीट काढून. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या प्रेक्षकाला पाऊण तासाचा संथ भाग झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यानं हा प्रेक्षक कधी बघितलेलाच नाही.

आणि अंतराळाशी आमचं काय देणंघेणं, असंही त्या मजकुरात सुचवलंय. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आकाशातून जळते पट्टे गेले आणि आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीत धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं. आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचे ते अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. ज्यांच्या वावरात रॉकेटचे तुकडे पडलेत, त्यांना अंतराळ परकं कसं वाटेल?

राहिला सल्ला: 'हा भाग सोडा, दुसऱ्यापासून बघा.' कृपा करून तसं करू नका. ऑलिंपिक कॅरियरचं ओझं लीच्या मनावरून पुढे उतरत नाही. ते कुठून आलं हे माहीत नसेल, तर त्याचं पुढचं वागणं तुटक वाटेल. सुरुवात करायचीच तर याच्याही मागून करा. २००३ साली आलेली दोन भागांची छोटी मालिका आधी बघा, तिच्यात वसाहतींचा नाश आणि ताफ्याचं निघणं आहे. ती एका रात्री संपते. दुसऱ्या रात्री '३३' लावा, आणि शक्य असेल तर चार माणसं गोळा करून लावा, कारण खिडक्यांवरून तुमच्याकडेही भांडण होणार आहे.