डीपी जळते ती गल्लीच्या भाराने

आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आली की जळगाव-भुसावळकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दीपनगर आपल्या उशाशी, अन् लाईट आपलीच जाते!" राग खरा आहे, पण दीपनगरच्या औष्णिक केंद्राची वीज खान्देशसाठी बाजूला काढून ठेवलेली नसते. ती राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. आणि मे महिन्यात रात्री दहा-साडेदहाला जाणारी लाईट बऱ्याचदा विजेच्या टंचाईने जातच नाही. गल्लीतल्या डीपीला, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला, भार पेलत नाही, म्हणून जाते.

डीपीतून वीज तीन फेजवर, म्हणजे तीन वेगळ्या तारांवर, वाटली जाते. 100 केव्हीए क्षमतेच्या डीपीला एका फेजवर साधारण 139 अँपिअरची मर्यादा. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालला की 7 अँपिअरच्या आसपास घेतो. एका फेजवरच्या वीस घरांनी जेवणं आटोपून एसी लावले की फेज भरला. फ्रिज, पंखे, पाण्याच्या मोटारी अजून मोजल्याच नाहीत. डीपीचं तेल निवायला बाहेरची हवा लागते, ती रात्रीही तापलेली. फ्यूज जातो. मग लोक जाड तार बांधायचा आग्रह धरतात, आणि पुढच्या खेपेला फ्यूजऐवजी डीपी जळते. हा आग्रह कृपा करून धरू नका.

स्टॅबिलायझरचंही तसंच. तो व्होल्टेज वाढवतो ते लाईनवरून जास्त करंट ओढून. घरोघरी तो बसला की शेवटच्या खांबावरच्या घराचं व्होल्टेज आणखी पडतं.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरसारखं यंत्र नाही. पंपासकट साधारण 200 वॉट, म्हणजे दहा तासांना दोन युनिट. तरी माणसं एसीकडे वळतात, कारण "कूलरने नुसतं चिकचिक होतं." दोष बहुतेक वेळा बंद दारं-खिडक्यांचा असतो. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायलाच हवी, म्हणून त्याच्या समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. कूलर खिडकीबाहेर, सावलीत हवा. खोलीच्या आत ठेवला तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

दुसरं दुखणं बोअरच्या जड पाण्याचं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. वरच्या पाण्याच्या नळीची भोकं बुजतात आणि पॅडवर कोरडे पट्टे पडतात. त्या पट्ट्यांतून बाहेरची झळ न निवता थेट आत येते. आठवड्यातून एकदा प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करून घासा, बारीक तारेने भोकं मोकळी करा, पंपाची जाळी धुवा. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर क्षार वाढतच जातात, शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळंच. गवताचं पॅड दर उन्हाळ्याला नवं घाला. पहिला पाऊस पडून हवा ओली झाली की पंप बंद, नुसता पंखा चालू ठेवा.

लोखंडी कूलरला अर्थिंग नसेल तर तो चालवूच नका. तीन पिनचा प्लग असून भागत नाही, बोर्डात अर्थिंगची तार खरोखर आलेली आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवला तर उत्तम.

छताचा जुना पंखा 75 वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) 30 च्या. हळू फिरणारा पंखा फेकण्याआधी त्याचा 2.5 एमएफडीचा कपॅसिटर बदलून बघा.

लाईट आल्या आल्या पाण्याची मोटार आणि एसी लावू नका, पंधरा मिनिटं थांबा. त्याच क्षणी गल्लीतले सगळे इन्व्हर्टर चार्जिंगला लागलेले असतात आणि फ्रिज एकदम उठलेले असतात. फ्यूज पुन्हा जातो तो याच घाईत.

आता वीज कंपनीकडे मागायची गोष्ट. नवी डीपी मागण्याआधी आहे त्या डीपीच्या तिन्ही फेजचा करंट मोजून मागा. कितीतरी ठिकाणी एक फेज ओसंडत असतो आणि बाकीचे दोन अर्धे रिकामे असतात. काही घरांची जोडणी दुसऱ्या फेजवर घेतली की काम होतं, मोठा खर्चही नाही. फक्त अर्जात स्पष्ट लिहा की मोजमाप रात्री दहा ते अकराच्या दरम्यान व्हावं. दुपारी मोजलं तर घरांचा रात्रीचा भार त्यात दिसणारच नाही.