टेप घेऊन आलेली मुलगी

इंग्लंडात, लेस्टरला आमच्या शेजारच्या गुजराती काकांना लकवा झाला होता. दवाखान्यातून सुट्टी द्यायच्या आधी एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी, त्यांना गाडीत घालून घरी घेऊन आली, फक्त दीड-दोन तासांसाठी. हातात टेप. पलंग किती उंच, संडासाचं दार किती रुंद, सगळं मोजून झाल्यावर काकांना म्हणाली, चहा करा. काकांनी जन्मात चहा केलेला नव्हता, त्यामुळे ती परीक्षा लकव्याची होती की संसाराची, देव जाणे. काकी मदतीला धावल्या, तर त्या मुलीनं हातानंच त्यांना थांबवलं. तो थांबवलेला हात माझ्या चांगला लक्षात राहिला.

पुढच्याच उन्हाळ्यात नागपूरहून दादाचा फोन आला. बाबांची उजवी बाजू गेली. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात वेळेत नेलं, साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. आठ दिवसांनी जाडजूड फाईल देऊन घरी पाठवलं, तिच्यात शेवटी एक ओळ : फिजिओथेरपी चालू ठेवा. घर कसं आहे, हे कोणी विचारलं नाही. आमचं घर नागपूरच्या महाल भागातलं, जुनं. रस्त्यावरून दोन उंच पायऱ्या, मग उंबरठा, मोरी वीतभर खाली, संडास देशी. मे महिना, म्हणजे कूलर आलाच. त्याची वायर पलंगापासून मोरीच्या वाटेवर आडवी आणि खाली गळलेलं पाणी. तिसऱ्या रात्री बाबा त्या वायरीतच अडकले. थोडक्यात निभावलं.

मी पोचले तेव्हा बैठकीत भेटायला आलेल्यांची चर्चा रंगली होती. मिहानला एम्स झालं, मेट्रो झाली, आता उपचाराला मुंबईला जायची गरज नाही. खरंच आहे ते. मी टेपवाल्या मुलीची गोष्ट सांगितली, तर दादा म्हणाला, "तुमच्याकडे घरात माणूस नसते, म्हणून सरकार माणूस पाठवते. इथं अख्खं घर हजर आहे."

दादाचं निम्मं बरोबर होतं. पण ते अख्खं घरच तर अडचण होऊन बसलं होतं. पाणी वहिनी पाजायची, शर्ट पुतण्या घालायचा, घास आई भरवायची. बाबांचा उजवा हात तीन आठवडे मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा पडून. मी म्हटलं, त्यांना स्वतः करू द्या. त्यावर आई : "कायले त्रास देऊन राहिली त्यांना? आम्ही मेलो का?" या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण अशा घरात भेट द्यायची ती फर्निचर मोजायला नाही, माणसांचे हात आवरायला.

आणि हे आपल्याला नवीन कुठं आहे? अमेरिकेत जन्मलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये हे शिक्षण सुरू केलं. आपल्या मेडिकलमध्येही, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, ऑक्युपेशनल थेरपी शिकवतात, पण इथं निम्म्या लोकांना तो फिजिओचाच धाकटा भाऊ वाटतो. फिजिओ पाय चालता करतो. हा विचारतो, चालून जायचं कुठं? मोरीत की देवघरात?

इंग्लंडचे गोडवे गायचे नाहीत मला. रोज किमान तीन तास थेरपी, आठवड्यातून पाच दिवस, असं तिथल्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण तेवढी मिळालेला माणूस मला तरी भेटलेला नाही. घरभेटीही खर्चिक वाटतात. बरेचदा नातेवाइकांनाच फॉर्म देऊन खुर्च्या मोजायला सांगतात. २०१३ साली लकव्याच्या ९३ रुग्णांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली : निम्म्यांच्या घरी भेट, निम्म्यांशी दवाखान्यातच बोलणं. मोठी चाचणी घेता येईल का, याची ती आजमावणीच होती, ठाम काही निघालं नाही. पण तिथं दवाखान्यात कमोड आणि घरीही कमोड. आमच्याकडे दवाखान्यात दांडी लावलेला कमोड आणि घरी उकिडवं बसायचं. ही दरी दवाखान्यात बसून कशी दिसणार?

मेडिकलला गडचिरोलीहून, बालाघाटहून आलेल्या माणसाच्या घरी कोणी जाऊ शकत नाही, हे कळतं मला. पण पलंगापासून मोरीपर्यंतचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ तर पाहता येतो. आणि खोलीभाडं दिवसाच्या हिशेबानं लावणाऱ्या खासगी दवाखान्यांनी बिलात एक घरभेट घातली, तर त्या ओळीवर कोणी भांडणार नाही.

शेवटी ओळखीतून एक थेरपिस्ट मुलगी घरी आली. बादली स्टुलावर ठेवली, पायजम्याच्या नाडीच्या जागी इलॅस्टिक, शर्टात आधी दुबळा हात घालायचा हे शिकवलं. कूलरची वायर भिंतीवरून गेली. आईला तिनं समोर बसवून सांगितलं, "काकू, दहा मिनिटं फक्त पाहा." आई पाहत राहिली, पदर चावत.

आता बाबा तांब्या स्वतः भरतात, निम्मं पाणी सांडतं. डाव्या हातानं जेवायला मात्र तयार नाहीत. चमचा दिला तरी नाही, पंगतीत तर नाहीच. त्यावर लेस्टरच्या काकांचा उपाय विचारून पाहिला. ते म्हणाले, मी दार लावून जेवतो.