उड्या मारून बघणं ही तालीम नव्हे

नमस्कार. पहिल्या उड्डाणाआधीच्या तपासण्यांवरच्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: घरी बांधलेलं विमान पहिल्यांदा उडवण्याआधी धावपट्टीवर जोरात पळवावं, चार-पाच फूट उचलून परत टेकवावं, म्हणजे हाताला अंदाज येतो, हे टाळा असं सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि बाकीचा लेख म्हणजे नुसते कागदी घोडे. हळू टॅक्सीबद्दल (विमान जमिनीवर सावकाश चालवून बघण्याबद्दल) लेखात फारच कमी आलं, हा आक्षेप मान्य. उड्यांबद्दल मात्र मत बदललेलं नाही.

नेहमीचं उदाहरण घेऊ: आर.व्ही. जातीचं दोन आसनी विमान, लायकमिंग ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती. पूर्ण थ्रॉटल दिला की काही सेकंदांत ते जमीन सोडतं. ‘उडी’ मारायची म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीवर, कमी वेगात, पॉवर एकदम काढायची. नाक खाली जातं, ट्रिम (स्टिकवरचा जोर हलका करणारी जुळणी) बिघडतं, पुढची धावपट्टी संपत आलेली असते आणि लँडिंग मात्र करावंच लागतं. म्हणजे उड्डाणातला सगळ्यात अवघड तुकडा निवडून तोच पहिल्यांदा करायचा! शिवाय थांबायला ब्रेक करकचून दाबले जातात. चार फेऱ्यांत चकत्या लाल होतात, आणि ब्रेकचं तेल गळत असेल तर तेच पेट घेतं.

इंजिनाचं नुकसान वेगळंच. नव्या किंवा नुकत्याच ओव्हरहॉल केलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टनच्या रिंगा नीट बसायला जास्त पॉवर आणि भरपूर वारा, दोन्ही लागतात. जमिनीवर कमी पॉवरवर तासन्‌तास फिरवलं की सिलिंडरच्या भिंतीवर तेलाचा चकचकीत थर चढतो, मग रिंगा बसतच नाहीत आणि इंजिन कायम तेल पितं. म्हणून पहिलं उड्डाण साध्या मिनरल ऑइलवर, ७५ टक्क्यांच्या आसपास पॉवर ठेवून, विमानतळाच्या डोक्यावरच करतात. सिलिंडर हेडचं तापमान सुरुवातीला चढं दिसतं आणि रिंगा बसल्या की उतरतं. लाल रेघ (कमाल मर्यादा) २६० अंश सेल्सिअसला आहे, पण तिच्या जवळपासही जाऊ देऊ नये.

हाताला अंदाज यायला हवा, हे खरंच. तो त्याच जातीच्या दुसऱ्याच्या विमानात, शेजारी प्रशिक्षक बसवून घ्यावा.

आता ‘कागदी घोड्यां’कडे. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यात इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं ही कारणं वर आली, आणि इंधन यंत्रणेची प्रत्यक्ष चाचणी बंधनकारक करा, अशी शिफारसही झाली. ही चाचणी बादली आणि घड्याळ घेऊन होते. वरच्या १६० अश्वशक्तीच्या इंजिनाला टेक-ऑफच्या पॉवरवर ताशी सुमारे ५५ लिटर पेट्रोल लागतं. पंप असेल तर या गरजेच्या १२५ टक्के, नुसत्या उतारावर येत असेल तर १५० टक्के प्रवाह मिळायला हवा. म्हणजे कार्ब्युरेटरपाशी नळी सोडली की ५ मिनिटांत पंपाने ५.८ लिटर, उताराने ६.९ लिटर. आणि हे विमान सपाट ठेवून नाही! चढताना नाक जितकं वर जाईल, त्याहून ५ अंश जास्त वर करून मोजायचं; शेपटीचं चाक असेल तर ते खड्ड्यात उतरवतात. दोन्ही टाक्या वेगवेगळ्या मोजायच्या, आणि टाकी थेंब पडेपर्यंत रिकामी करायची, म्हणजे न वापरता येणारं इंधन किती तेही कळतं. प्रवाह कमी भरला तर आधी टाकीची हवेची नळी बघा. कुंभारमाशीने ती मातीने बुजवलेली सापडते. मग गाळणी: सीलंटचे तुकडे, टेफ्लॉन टेपच्या चिंध्या, ड्रिलचा ॲल्युमिनियमचा कीस.

वेगदर्शक ‘जिवंत’ आहे का बघायलाही धावायची गरज नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवा, अर्धी पाण्याने भरा, एक टोक पिटोला (वेग मोजायला समोरची हवा घेणाऱ्या नळीला) जोडा आणि दुसरी बाजू हळूहळू उचला. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ६० मिलिमीटरचा फरक पडला की काटा ६० नॉटवर यावा, १६५ वर १०० नॉट. नळी तशीच धरली असता काटा घसरू लागला तर कुठेतरी गळती आहे. सोडतानाही हळू, झटक्यात काढली तर आतली पातळ डबी बिघडते.

कंट्रोल उलटे जोडले जाणं हा विनोद नाही, तसं खरोखर घडतं. स्टिक मुठीत धरून अंगठा वर ठेवा. स्टिक डावीकडे झुकवली की अंगठा ज्या बाजूला कलतो, त्याच बाजूचा आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर उठला पाहिजे. ट्रिम मात्र उलटा: नाक वर हवं असेल तर एलेव्हेटरवरचा (शेपटीच्या आडव्या पंखाच्या हलत्या भागावरचा) छोटा टॅब खाली जातो, आणि इथेच वायरी अदलाबदल होतात. रॉड-एंडला (कंट्रोलच्या दांड्याच्या टोकाला असलेल्या गोळ्याच्या सांध्याला) मोठा वॉशर आहे ना बघा. नसेल तर गोळा निसटल्यावर रॉडही सुटतो. एएन-३ (३/१६ इंची) बोल्टचा टॉर्क २० ते २५ इंच-पाउंड, पण नायलॉनच्या नटचा फिरताना होणारा विरोध आधी मोजून त्यात मिळवायचा.

वजन प्रत्येक चाकाखाली एक अशा तीन काट्यांवर, विमान लेव्हल करून. पहिल्या उड्डाणात पायलट एकटा, आणि गुरुत्वमध्य मर्यादेच्या पुढच्या अर्ध्यात.

तुम्ही कॅप्टन अमोल यादव यांचं उदाहरण दिलंत. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेल्या त्यांच्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. कागदांचा जाच म्हणाल तर तो तिथे होता. बादली, घड्याळ आणि पाण्याची नळी यांना कुणाची सही लागत नाही.

राहिली हळू टॅक्सी. ती जरूर करा: स्टिअरिंग, ब्रेक कुठल्या बाजूला ओढतात ते, नवे पॅड बसवणं. पॅड बसवायची पद्धत त्यांच्या जातीनुसार बदलते, तेव्हा बनवणाऱ्याचा कागद वाचूनच करा. प्रत्येक फेरीनंतर काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडून गळती बघा, आणि चाकाच्या चकतीला हात लावण्याआधी ती गार होऊ द्या.