चार किलोमीटर बशा

पाठीवर सॅक असलेल्या माणसाने अरिताच्या भांड्यांच्या जत्रेत जाऊ नये. जपानच्या क्यूशू बेटावर, सागा प्रांतात हे गाव आहे. दरवर्षी 29 एप्रिल ते 5 मे, म्हणजे अख्खा देश सुट्टीवर असतो नेमका तेव्हा, इथे रस्त्याच्या दुतर्फा सुमारे चार किलोमीटर नुसती पोर्सेलिनची, म्हणजे चिनी मातीची, भांडी मांडलेली असतात. आम्ही फुकुओकात राहायला आल्या आल्या बायकोने ही बातमी काढली होती. त्यात यंदा सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. मला मत नव्हतं, मला सॅक होती.

पहिल्याच दुकानात मी वळलो आणि आतल्या दोघी बायका एकदम किंचाळल्या. पडलं काहीच नव्हतं; सॅकचा बंद एका किटलीच्या नाकाला घासून गेला होता, एवढंच. त्यानंतर मी सॅक पोटावर घेतली आणि तिला दोन्ही हातांनी कवटाळून आडवा आडवा चालू लागलो.

सासूबाईंना मात्र भीती म्हणून नाही. दिसला वाडगा की उचलायचा आणि माठ घेताना मारतात तशी टिचकी मारायची. टण्ण वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडा. दुकानदार आजोबा आधी धास्तावले, मग त्यांनीच मागचे वाडगे काढून दिले. एकमेकांचा एक शब्द न कळता दोघं बराच वेळ टिचक्या मारत बसले होते.

गाडी अडली ती काकिएमोन या इथल्या कुंभार घराण्याच्या धाटणीच्या एका बशीपाशी. दुधाळ पांढरी, कडेला लाल फुलांची एकच फांदी, खाली दोन लावे पक्षी, बाकी सगळं कोरं. हे लाल रंगकाम इथे सतराव्या शतकात रुजलं, डच व्यापारी ही भांडी जहाजं भरून युरोपात नेत, वगैरे मी सांगून पाहिलं.

“ते असू द्या. एवढी जागा कोरी का सोडलीये? रंग संपला का?”

“आई, तेच तर सौंदर्य आहे.”

“मग कमी रंगाचे कमी पैसे घ्या म्हणावं.”

बायकोने हे जपानीत सांगायला साफ नकार दिला आणि बशी विकत घेतली.

पुढे एका कारखान्यात एक ताई जाड कुंचल्याने बशीवर पानं भरत होत्या. कुंचल्यातून रंगाचं पाणी ओघळू द्यायचं आणि रेषेबाहेर थेंबही जाऊ द्यायचा नाही. मी श्वास रोखून बघत होतो. रंग मात्र मळकट, काळपट. तो कोबाल्ट. सुमारे 1300 अंशांवर भाजला की निळा होतो, आणि भांडं आकसून लहान होतं.

“म्हणजे आधी मोठं असतं?” सासूबाईंनी विचारलं. “मग आधीच विकायचं ना!”

या सगळ्याचं मूळ यी साम-प्योंग नावाचा कोरियन कुंभार. 1616 च्या सुमारास त्याला इथल्या इझुमियामात पोर्सेलिनसाठी लागणारा दगड सापडला, असं मानतात. गावाने त्याला देवळात बसवलंय. देवळाची कमानसुद्धा पोर्सेलिनची, 1888 सालची. मी सॅकसकट लांबूनच हात जोडले.

वाट्यांचा सेट इथे पाचाचा; चार अशुभ. सासूबाईंना सहा हव्या होत्या. सुटी वाटी मिळेना, तेव्हा त्यांनी दोन सेट घेतले. हिशेब त्यांचा, खांदे माझे.

घरी आल्यावर बायकोने जाहीर केलं की लाव्यांची बशी कपाटात राहील, तिला हळद लागता कामा नये. वास्तविक त्या काचेसारख्या झिलईवर हळद बसत नाही, पुसली की गेली. पण हे बोलण्याचं धाडस माझ्यात नाही.

धाडस सासूबाईंनी केलं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर बशी माझ्या पुढ्यात. उजवीकडे फांदी, लावे. डावीकडच्या कोऱ्या जागेत मीठ, लिंबाची फोड आणि जवसाची चटणी.

“बघा,” सासूबाई म्हणाल्या, “जागा हिशेबानंच सोडलीये मेल्यानं.”