पायाची दुरुस्ती: आधी कारण शोधा, मग पद्धत ठरवा

भिंतीला तिरका तडा गेला की एक जण सांगतो एपॉक्सी (तडा चिकटवणारं रसायन) भरा, दुसरा सांगतो ग्राउटिंग (पायाखालच्या मातीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरणं) करा, तिसरा थेट मायक्रोपाइलचं (जमिनीत खोल उतरवलेल्या बारीक खांबांचं) कोटेशन हातात देतो. जो ज्या कामाचं कंत्राट घेतो, त्याला तोच उपाय दिसतो. पाया हलला कशामुळे आणि तो अजून हलतोय का, हे मात्र कुणी विचारत नाही. घरमालकाने तरी हे विचारलंच पाहिजे, असं मी अगदी कळकळीने सांगतोय.

सगळे तडे पायाचे नसतात. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषा बहुतेक वेळा गिलावा सुकताना पडतात. काँक्रीटमधल्या सळईच्या रेषेत सरळ गेलेला तडा बहुतेकदा गंजाचा असतो, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा, एका टोकाला रुंद होत जाणारा तडा आणि त्याच सुमारास अडकू लागलेले दरवाजे दिसले, तर संशय पायावर घ्यावा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, रुंदी मोजत राहा. चिकणमातीवरचं घर असेल तर निदान एक ओला आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तडाही तिच्यासोबत उघडतो, मिटतो.

फुटलेली सांडपाण्याची नळी किंवा भिंतीलगत साचणारं पाणी हे कारण निघालं, तर आधी ते बंद करा. कित्येकदा पाया तेवढ्यावरच स्थिरावतो. जवळचं मोठं झाड मात्र घाईने तोडू नका. मुळं पाणी ओढायची थांबली की चिकणमाती फुगून पाया वर उचलू शकते.

पाया अजून हलत असताना एपॉक्सी भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. भरलेला तडा धरून ठेवतो आणि शेजारी नवा तडा जातो. हालचाल थांबली असेल तर हाच उपाय उत्तम. सिमेंटचं ग्राउट वाळूत आणि पोकळ्यांत शिरतं, चिकणमातीत झिरपत नाही. इटलीतल्या पिसा शहरातल्या झुकत्या मनोऱ्याच्या पायात १९३४ साली ग्राउट भरलं, तेव्हा तो आणखी कलला. पुढे उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून कल ४० सेंटिमीटरहून जास्त कमी केला आणि २००१ मध्ये मनोरा पुन्हा उघडला.

कठीण थर फार खोल नसेल तर अंडरपिनिंग (जुन्या पायाखाली खणून तो खोल नेणं) चालतं, पण ते साधारण मीटरभराच्या तुकड्यांत, एक सोडून एक असंच करायचं. सलग चर खणला तर भिंतीचा आधारच जातो. घराचा एकच कोपरा खोल नेला तर जुन्या-नव्या पायाच्या सांध्यावर नवा तडा जाण्याचा धोका राहतो, त्याचा विचार आराखड्यातच व्हायला हवा. खोल भरावावर घर असेल तर मायक्रोपाइल खर्चिक असले तरी योग्य, कारण ते भार थेट खालच्या घट्ट थरावर नेतात.

म्हणून ज्याला कंत्राट मिळणार नाही अशा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कारण, मातीचा अहवाल आणि घट्ट थराची खोली लेखी घ्या. कंत्राटदाराला त्यानंतर बोलवा. फक्त तडा दिवसागणिक रुंदावत असेल किंवा भिंत बाहेर फुगली असेल, तर मोजत बसू नका. त्या भागातून माणसं लगेच बाहेर काढा आणि टेकू लावायला इंजिनिअरला त्याच दिवशी बोलवा.